हिरव्या टोपणाच्या दोन नळ्या

फोन आला तेव्हा सतरा नंबरची बस तलावाच्या चढावर आडवी झाली होती. मार्चमध्ये दिवसा बर्फ वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो, त्यामुळे आमच्याकडे रोज एखादी तरी बस आडवी होतेच, त्यात विशेष काही नाही. एका कानाला नियंत्रण कक्षाचा रेडिओ लावून मी ड्रायव्हरला सांगत होते की बाबा रे, ब्रेकवर नाचू नकोस, बर्फावर मीठ टाकणारी गाडी निघाली आहे. दुसऱ्या कानाला माझा स्वतःचा फोन होता, त्यावर गिस्लेन. गिस्लेन म्हणजे आमच्या डॉक्टरांची नर्स. वाईट बातमी सांगायची असली की ती आधी हवापाण्याचं विचारते. तिने हवापाण्याचं विचारलं आणि मला कळलं. "सांगून टाक बाई," मी म्हटलं, "माझी बस अडकली आहे." मग तिने सांगितलं. गेल्या महिन्यात मी घरी करून पाठवलेली ती शौचाची तपासणी पॉझिटिव्ह आली होती. "कॅन्सर आहे असं नाही हं, मिसेस लाहतिनेन. रक्ताचा अंश सापडलाय एवढंच. डोळ्यांना दिसणारही नाही इतका. बऱ्याच जणांना पुढे काहीच निघत नाही. कुणाला आतड्यात मांसाचा बारीकसा कोंब निघतो, तो तिथल्या तिथे काढून टाकतात. पण दुर्बीण घालून बघायलाच हवं." मग तिने नेहमीचे प्रश्न विचारले. घराण्यात कुणाला होता का? नाही. पोटाचं जुनं दुखणं? नाही. "म्हणजे तुम्ही अगदी सरासरी धोक्यातल्या," ती म्हणाली. समाधान करायला म्हणाली असेल. शेवटी आठवण झाल्यासारखी म्हणाली, "आणि हो, ताउनोंची स्वच्छ आहे. त्यांना सांगा, आता दोन वर्षं बघायला नको." ताउनो म्हणजे माझा नवरा. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि रेडिओवर विचारलं, "सतरा, मीठ पोचलं का?"

माझा आवाज हलला नाही, याचं मलाच जरा नवल वाटलं. बसवाल्यांशी बोलून बोलून तो सपाट झालाय. कुणाच्या बसमध्ये बाई बाळंत होते, कुणाच्या बसमध्ये म्हातारा खिडकीला डोकं टेकून बसल्या बसल्या गेलेला असतो, आणि मी इथून सांगते, दार उघड, दिवे लाव, बाकीच्यांना उतरव. घरीसुद्धा मी याच आवाजात बोलते असं ताउनोचं म्हणणं. लग्नाची मागणी त्याने घातली तेव्हाही मी म्हणे "ठीक आहे, पुढे ये" असं म्हणाले होते. खरंखोटं देव जाणे. त्या संध्याकाळी कामावरून निघताना पार्किंगमध्ये काळ्या पाण्याची डबकी होती, खाणीच्या धुराड्यातून नेहमीसारखा पांढरा धूर जात होता, आणि मी गाडीत बसून किल्ली न फिरवता विचार करत होते, की सरासरी हा शब्द मला का लागला? जन्मभर मी सरासरीतच तर होते. सरासरी उंची, शाळेत सरासरी गुण, सरासरी घर. आमच्यासारख्यांनी तेच तर मागितलं. माझा बाप फिनलंडमधून आला, खाणीत खपला, आणि त्याला एवढंच हवं होतं की मुलीकडे कुणी वळून बघू नये. आता आतड्याच्या कुठल्याशा वळणावर, जिथे मी स्वतः कधी जाणार नाही, तिथे काहीतरी माझ्याकडे वळून बघत होतं. मग मला एकदम भूक लागली. सडकून भूक लागली, आणि त्याची लाज वाटली.

ताउनो स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. खाणीतल्या विजेच्या कामातून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाक त्याच्याकडे आहे. मी कोट न काढताच सांगितलं. सुरी थांबली. "तुझी?" तो म्हणाला. "माझी." "आणि माझी?" "तुझी स्वच्छ. दोन वर्षं बघायला नको." "नक्की?" "गिस्लेन म्हणाली." त्याने सुरी खाली ठेवली, हात पुसले, जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच विसरल्यासारखा ठेवला. मग कोट चढवून बाहेर गेला आणि पायऱ्यांवरचा बर्फ फोडायला लागला. सकाळीच फोडला होता त्याने. मी खिडकीतून बघत राहिले. पुरुषांना काही झेपलं नाही की ते हत्यार शोधतात, असं मला तेव्हा वाटलं, आणि त्याच्याविषयी माया वाटली.

त्यानंतरचे दिवस चमत्कारिक होते. ताउनो माझ्याशी फार चांगला वागायला लागला. सकाळी कॉफी बिछान्यात. बाहेर जाऊन माझी गाडी गरम करून ठेवायचा, काचा खरवडायचा. वेलदोड्याचा पाव भाजायचा, जो तो एरवी फक्त नाताळात भाजतो, आणि त्यातला मधला मऊ तुकडा माझ्या बशीत. टीव्हीवर हॉकीचा सामना चालू असताना मी बोलले तर आवाज बंद करून ऐकायचा! इतकी वर्षं ज्या माणसाने मला सामना चालू असताना घराला आग लागली तरी मध्यंतरापर्यंत थांब म्हणून बजावलं होतं, तो. दुर्बिणीची तारीख आली, एप्रिलच्या मध्यावरची, ती त्याने स्वतःच कॅलेंडरवर लिहिली, आणि आदल्या दिवशी पोट साफ करायला कायकाय प्यावं लागतं ते शेजारच्या पेक्काला विचारून आला. "मी नेईन, मी आणीन," म्हणाला. "गुंगी देतात ना. एकटीला सोडत नाहीत." मी म्हटलं, "अरे, मेले नाहीये अजून." तो हसला नाही. मला खरं सांगायचं तर ते आवडत होतं. आजाराची भीती एकीकडे, आणि बिछान्यातली कॉफी एकीकडे. दुपारी कामावर बसल्या बसल्या भीती यायची, पोटात डावीकडे काहीतरी जड आहे असं वाटायचं, मग संध्याकाळी घरी पाऊल टाकलं की वाटायचं, चला, कुणाला तरी आपण हव्या आहोत. आपल्याला काहीतरी झाल्याशिवाय हे आपल्याला दिसलं नसतं. असा विचार करणं बरं नव्हे, पण मी केला.

तपासणीचा हट्ट माझाच होता. दोघांचीही पाकिटं एकाच आठवड्यात पोस्टाने आली, कारण डॉक्टर एक, आणि पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी ती येतातच. गेल्या खेपेला ताउनोने त्याचं पाकीट मासे गुंडाळायला वापरलं होतं. "सरकारला आता माझी घाणही पाहिजे?" तो म्हणाला. "कर भरतो तेवढं पुरत नाही?" मी म्हटलं, "कर तू रडत भरतोस, हे तरी हसत दे." प्रत्येक पाकिटात एक नळी, तिला हिरवं टोपण, टोपणाला आतून एक काडी. ती काडी शौचावरून चार ठिकाणी फिरवायची, परत नळीत खुपसायची, टोपण लावायचं, संपलं. नळीवर आपलं नाव छापलेलंच असतं, तारीख तेवढी आपण घालायची. मी आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून दोन्ही नळ्यांवर तारखा घातल्या, आणि न्हाणीघरातल्या आरशाखालच्या फळीवर दोन्ही ठेवून दिल्या. सकाळी आधी तो गेला. मग मी गेले. दार लावून. आमचं हे एक गंमतच आहे. दर शनिवारी आम्ही सौनात, म्हणजे आमच्या वाफेच्या खोलीत, शेजारी शेजारी नागवे बसतो, त्याची सुटलेली पोटाची घडी मी बघते आणि माझं सगळं लोंबलेलं तो बघतो, कुणाला काही वाटत नाही. पण न्हाणीघराचं दार इतक्या वर्षांत एकदाही उघडं राहिलेलं नाही. आतून नळ सोडायचा, म्हणजे बाहेर आवाज जायला नको.

सासू माझी अशी नव्हती. हिल्या तिचं नाव. तलावाकाठी त्यांचं लाकडी खोपट होतं, उन्हाळ्यात सगळे तिकडे, आणि मागे झाडीत दोन भोकांचा संडास. शेजारी शेजारी दोन भोकं, मध्ये आडोसा नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात हिल्या मला म्हणाली, "चल गं पोरी, बसून येऊ." मला वाटलं तलावाकाठी बसायचं असेल. ती तिथे बसून बोलायची, बटाट्यांचं, शेजारणींचं, ताउनो लहानपणी किती रडका होता त्याचं, आणि मी दुसऱ्या भोकावर अंग चोरून बसलेले, होत काहीच नसे. उठताना ती खाली बघायची. न चुकता. स्वतःचं बघायची आणि एकदा माझंही बघितलं आणि म्हणाली, "पाणी कमी पितेस." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तिचं म्हणणं असं, की तोंड खोटं बोलतं, हे बोलत नाही. ती म्हातारपणी झोपेत गेली. तिच्या आतड्यांना काहीही झालं नव्हतं. ताउनो आईवर गेला नाही. तो वळून बघत नाही, असं मी धरून चालले होते.

मग ती सकाळ आली. विशेष काही नव्हतं. मी दात घासायला उभी राहिले, हात डावीकडे गेला, ब्रश तोंडात घातला आणि तो ओला लागला. ताउनोचा ब्रश. असं रोजच होत होतं. लग्न झाल्यापासून त्या फळीची डावी बाजू माझी आणि उजवी त्याची. बिछान्यात तसंच, दाराशी खुंट्यांवर तसंच, बुटांचंही तसंच. पण नाताळानंतर त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, हात झोळीत अडकला, सगळं डाव्या हाताने करायचं आलं, म्हणून आम्ही फळीवरच्या बाजू बदलल्या. त्याचं सामान डावीकडे, माझं उजवीकडे. झोळी गेली तरी सामान तसंच राहिलं. माझ्या हाताला काही ते शिकता आलं नाही. रोज तो चुकायचा आणि रोज मी चरफडायचे. त्या दिवशी मी चरफडले, थुंकले, स्वतःचा ब्रश घ्यायला हात उजवीकडे नेला आणि तसाच राहिला. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी नळ्या मी ठेवल्या होत्या. माझ्या हाताने. माझी डावीकडे आणि त्याची उजवीकडे, नेहमीसारखी, जुन्या सवयीने. आणि सकाळी आधी तो गेला होता. नावं वाचणं हे त्याचं कामच नाही, या घरात जे काही वाचायचं ते मी वाचते. त्याने आपल्या बाजूची उचलली असणार. त्याची बाजू म्हणजे आता डावी, आणि त्या नळीवर नाव माझं. मागाहून मी गेले तेव्हा फळीवर एकच नळी उरली होती. एकच उरली तर ती माझीच, त्यात बघायचं काय? चष्मा बाहेर टेबलावर होता. ती कुठे होती? मी डोळे मिटले आणि बघितलं. उजवीकडे होती. साबणाच्या बाजूला.

सुटले! हाच शब्द मनात आला, आणि तो मीच म्हटला. आरशात माझा चेहरा होता, ओठांवर फेस, आणि तो चेहरा हसायच्या बेतात होता. पोटातलं डावीकडचं जडपण गेलं, खरंच गेलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी पूर्ण श्वास घेतला. मग मी चूळ भरली. चूळ थुंकेपर्यंत मला कळलं की मी सुटले म्हणजे कोण अडकलं. बाहेर स्वयंपाकघरात तो शीळ वाजवत होता, माझ्यासाठी कॉफी करत होता, त्याच्या पोटात ते रक्त घेऊन, दोन वर्षं निर्धास्त. मी न्हाणीघरात बसून राहिले. माझीच लाज वाटली मला. आणि राग आला, कुणाचा ते कळेना. फळीचा, खांद्याचा, त्या हिरव्या टोपणांचा. एकच रंग कशाला द्यायचा दोघांना?

तरी मी लगेच सांगितलं नाही. कामावर गेले, बसेस सोडल्या, बसेस परत आणल्या. सांगायचं म्हणजे त्याला काय सांगायचं, की तू माझ्याभोवती नाचत होतास ते फुकट? की मी जे दिवस भ्याले ते तुझे होते, घे परत? गप्प राहिले असते तर काय झालं असतं तेही मी बघून घेतलं. एप्रिलमध्ये मला गुंगी देऊन दुर्बीण घातली असती, काही निघालं नसतं, दोघंही आनंदाने घरी आलो असतो, वेलदोड्याचा पाव खाल्ला असता. आणि त्याच्या आत ते वाढत राहिलं असतं. हे मला करायचं नव्हतंच, एक क्षणही नव्हतं. पण सांगितलं की दुसऱ्या दिवशी कॉफी बिछान्यात येणार नाही, हेही मला माहीत होतं. दोन सकाळी मी ती कॉफी प्याले. चव लागली नाही, पण प्याले.

शनिवारी दुपारी सौना तापवला. परसात आहे आमचा, ताउनोने स्वतः बांधलेला, लाकडांवर तापतो. वरच्या फळीवर आम्ही दोघं, मध्ये पाण्याची बादली. त्याने दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली, कान भाजले. सौनात भांडायचं नाही ही हिल्याची शिस्त, म्हणून मी तीच जागा निवडली. मी म्हटलं, "ताउनो, नळ्या उलटसुलट झाल्या." त्याने दगडांवर आणखी पाणी टाकलं. मला वाटलं समजलं नाही, म्हणून मी सगळं सांगितलं, फळी, बाजू, साबण, कोण आधी गेलं ते. माझ्या त्या सपाट आवाजात. सांगून झालं तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं, त्याला धरायच्या तयारीत होते. तो निखाऱ्यांच्या दाराकडे बघत होता.

"माझंच असणार ते," तो म्हणाला.

फार लवकर म्हणाला. ज्याला आत्ता कळलं तो माणूस आधी काय म्हणतो? कसं शक्य आहे म्हणतो. तू नेहमीच घोळ घालतेस म्हणतो. निदान शिवी तरी हासडतो. मी विचारलं, "तुला कसं माहीत?"

"पडतंय मला," तो म्हणाला. "रक्त."

"कधीपासून?"

"मूस हरणाच्या शिकारीला गेलो होतो ना, तेव्हापासून. रोज नाही. अधूनमधून."

म्हणजे ऑक्टोबर. म्हणजे तो वळून बघत होता. आईसारखा. "आणि मला फोन आला तेव्हा?"

"तेव्हा मी म्हटलं, माझी स्वच्छ आली म्हणजे ते मूळव्याधीचंच असेल. यंत्र काय खोटं बोलतं का? म्हटलं, हिला झालंय ते वेगळं, माझं वेगळं." त्याने बादलीतला डाव उचलला आणि परत ठेवला. "पहिल्या दिवशी असं म्हटलं."

"आणि नंतर?"

"नंतर फळीवर बघितलं एकदा. माझी बाजू कुठली ते." त्याने तोंडावरचा घाम पुसला. "इर्या, मला खात्री नव्हती. देवाशपथ नव्हती. खात्री नाही म्हणून मी विचार करणं सोडून दिलं. तुझी दुर्बीण होऊ दे, मग बघू म्हटलं. काही निघालं नाही तर सांगेन म्हटलं."

"सांगितलं असतंस?"

त्याने डाव पुन्हा उचलला आणि दगडांवर पाणी ओतलं. सगळा पाव, सगळ्या गरम गाड्या, बंद केलेला हॉकीचा आवाज, माझ्या डोळ्यांपुढून गेला, आणि प्रत्येकामागून आता दुसरंच काही बोलू लागलं. माया नव्हतीच असं मी म्हणणार नाही. मायाच होती. पण त्याच्या जागी मी उभी आहे म्हणून ती होती. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. नागव्या माणसाला मारता येत नाही. "तुला काय वाटलं रे तेव्हा?" मी विचारलं. "कांदा चिरत होतास तेव्हा. खरं सांग."

"सुटलो असं वाटलं," ताउनो म्हणाला.

लाकूड तडकलं. घाम माझ्या पाठीवरून उतरत होता. मी गप्प राहू शकले असते. जन्मभर त्याच्यावर हा एक हिशेब माझ्याकडे राहिला असता, आणि मला तो फार कामाला आला असता. "मलाही वाटलं," मी म्हटलं. "परवा. दात घासताना."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "किती वेळ?"

"चूळ भरेपर्यंत."

"तू सगळंच लवकर आवरतेस," तो म्हणाला. मग तो रडायला लागला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ऑपरेशनच्या खांद्यावरची ती गुलाबी शिवण हलत होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ फार गरम होती.

सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरातूनच गिस्लेनला फोन केला. सगळं सांगितलं. हवापाण्याचं तिने विचारलंच नाही. म्हणाली, "अहो, रक्त दिसत होतं तर ही घरची तपासणी करायचीच नसते! ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यासाठी असते ती. त्यांनी सरळ यायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "आणि नळी कुणाची ते तुम्ही फळी आठवून सांगताय. त्यावर विसंबता येत नाही. दोघांचीही दुर्बीण करावी लागेल." मी म्हटलं, "करा." तिने कळफलक बडवला, उसासा टाकला. एप्रिलच्या मध्याची एकच जागा आपल्या हातात आहे, दुसरी जूनच्या आत मिळणं कठीण, हॉस्पिटलशी बोलून नाव बदलून घेता येईल, पण कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवा. ताउनो टेबलाशी बसला होता, पुढ्यातली कॉफी न पिता. फोनचा आवाज मोठा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

"तिची पहिली," तो मोठ्याने म्हणाला. "जागा तिच्या नावाची आहे. ती जाऊ दे."

मी फोनवर हात ठेवला. त्याच्याकडे बघत उभी राहिले. जून म्हणजे आणखी दोन महिने, ते त्यालाही माहीत होतं. बाहेर पन्हळीतून पाणी गळत होतं. गिस्लेन पलीकडून हॅलो हॅलो करत होती. मी वाट बघत होते, बऱ्यापैकी वाट बघितली मी. त्याने कपाच्या कानात बोट घातलं, काढलं. पुन्हा काही तो म्हणाला नाही.

"त्याला द्या," मी गिस्लेनला म्हटलं.